तळहाताएवढी बाई

चित्रकार: एवढंच? मला वाटलं नमुना पाठवलाय, खरं चित्र मागून येतंय.

संयोजिका: हेच खरं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं प्रतीकवादी छापचित्र.

मामा: टांगायला म्हणून उघडलं, तर एवढं मोठं खोकं, आत नुसता कागदाचा भुगा. मी दोनदा चाळला, आणखी काही राहिलं का म्हणून.

संयोजिका: चूक माझी आहे. प्रदर्शनातल्या जोड्या मी टेबलावर फोटो मांडून ठरवल्या. जुनी छापचित्रं, आजची चित्रं, सगळ्यांचे फोटो एकाच आकाराचे काढून घेतलेले. तुमची पाठमोरी बाई आणि ही डोळे मिटलेली, शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटल्या. माप फोटोच्या मागे लिहिलेलं होतं. उलटून पाहिलंच नाही.

मामा: फोटोवरून जमवलेली सोयरीक. चालायचंच.

चित्रकार: मग आता?

संयोजिका: तुमच्या सहा फुटी चित्राशेजारी ही लावली तर लोकांना विजेचं बटण वाटेल. आणि प्रदर्शन जोड्यांचं आहे, एकटं चित्र लावता येत नाही. मला तुमचं काढावं लागेल.

चित्रकार: उद्या उद्घाटन आहे हो!

संयोजिका: माहीत आहे. पुढच्या वर्षी नक्की...

चित्रकार: उद्या माझी ताई येणार आहे. सात वर्षांनी बोलली माझ्याशी, ती या चित्रासाठी. चित्रातली बाई तीच आहे.

मामा: सात वर्षं? एवढं काय झालं होतं?

चित्रकार: आई दोन वर्षं अंथरुणावर होती. सगळं ताईनं केलं, एकटीनं. मी रंग कालवत बसले होते. आई गेली त्या दिवशी ताई पाठ फिरवून निघून गेली, ती गेलीच. तेच काढलंय. माफी मागायला.

मामा: बाई, राग मानू नका. माफी तुम्ही मागताय, अन् पाठ तिनं फिरवलेली दिसतेय.

संयोजिका: मामा!

मामा: पंचवीस वर्षं भिंतीवर चित्रं टांगतोय, मॅडम. दिसतं ते बोलतो. बरं, या मोठ्या चित्राच्या मागे लाकडाला एक कागद डकवलाय, तो काढायचा की ठेवायचा?

चित्रकार: तो राहू दे.

संयोजिका: कसला कागद?

मामा: पेन्सिलनं काढलंय. खुर्चीत झोपलेली बाई. मान कलंडलेली, एक चप्पल गळून पडलेली. टांगणारा माणूस चित्राची पाठ आधी बघतो.

संयोजिका: आणा इकडे. छापचित्राशेजारी धरा... अहो, माप तर बरोबर तेच! हे का नाही दाखवलंत?

चित्रकार: ते दाखवायचं नाही. हॉस्पिटलात काढलेलं आहे, दुपारी. मी तासभर आले होते आईला भेटायला. ताई खुर्चीतच झोपली होती.

संयोजिका: मग? किती खरं उतरलंय.

चित्रकार: कळत नाही का तुम्हाला? चार रात्री जागली होती ती. मी तिला म्हणायला हवं होतं, ऊठ, घरी जा, मी बसते. ते सोडून मी पेन्सिल काढली. ती जागी व्हायच्या आत चित्र संपवलं आणि निघून गेले. लाज वाटते मला त्याची.

संयोजिका: तिला माहीत आहे?

चित्रकार: मी आले होते हेसुद्धा माहीत नाही.

(मामा छापचित्राच्या काचेचा कोपरा पुसतात.)

संयोजिका: मी जबरदस्ती करणार नाही. पण हे लावायचं का, ते सहापर्यंत सांगा. नाहीतर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

चित्रकार: ती बघेल आणि तशीच परत जाईल.

मामा: जाईलही. पण कशाबद्दल माफी मागताय ते तरी तिला कळेल.

चित्रकार: चौकट मिळेल एवढ्याशाला?

मामा: तासाभरात बनवतो.

संयोजिका: नावपट्टीवर काय लिहायचं?

चित्रकार: 'ताई, दुपारी'. आणि त्या दिवसाची तारीख घाला.

मामा: चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर येईल. सगळ्यांना तोच नियम आहे.

चित्रकार: थोडं खाली घ्या, मामा. ताई माझ्यापेक्षा बुटकी आहे.