आईच्या लग्नातली पांढरी साडी

“काका, सेंडऑफला एकदाच घालायचा घागरा स्वस्तात शिवता का?”

गारखेड्यातल्या टेलरकाकांना हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि मी विचारलंच! काका हसले. तेवढ्यात शेजारी लग्न ठरलेल्या एका ताईचं तिच्या आईशी जुंपलं.

“मास्तर, ही आईच्या लग्नातली पांढरी साडी. हिच्यावर ब्लाउज शिवा.”

“नाय. रूपा, आपल्यात नवरी पांढरीच नेसते, पण तू कोरी साडीच नेसायची.”

“इतकी चांगली असताना नवी कशाला, आई?”

“तुझ्या आजीनं जन्मभर लोकांची उतरलेली लुगडी नेसली.”

“ही उतरलेली नाय. तू स्वतःच्या मजुरीतून कोरी घेतलेली.”

ताईची आई साडीवरून हात फिरवत म्हणाली,

“मास्तर, माप घ्या हिचं.”

घरी येऊन मी जाहीर केलं, “आई, बाबा, सेंडऑफला घागरा नको. आईचा लग्नातला शालू नेसणार मी.”