टॅक्टरचे दोन तुकडे

शेताच्या वाटणीवरून मी आन मोठा भाऊ बोलत नव्हतो, तव्हाची गोष्ट. ऐंशीच्या आसपासची. धानाची रोवणी तोंडावर आन आमच्या जुन्या टॅक्टरचा क्लच घासून गेला. क्लच बदलायचा म्हणजे टॅक्टर मधूनच खोलावा लागते, बाप्पा! मिस्त्रीनं इंजिन एकीकडे ठेवलं, मोठी चाकं दुसरीकडे.

तेवढ्यात करडी गावचा बाजार करून बाबा आले. आंगणातले दोन तुकडे पाहून थैली हातातच राहिली.

"हेही वाटून घेतलं काय रे?"

भाऊ इंजिनापाशी पाना पुसत राहिला, मी चाकांपाशी.

बाबांनी दोन्ही तुकड्यांभोवती चक्कर मारली आन हळूच विचारलं, "मंग वावरात जाताना मी कोणाच्या तुकड्यावर बसू?"

भाऊ एकदम मिस्त्रीवर खेकसला, "क्लच गेला चुलीत! पहिले टॅक्टर जोड!"