मागच्या न्हाणीघरातलं गरम पाणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, कार्यशाळेचे व्यवस्थापक साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे मिस्त्री, त्यांच्या शेजारी हार सावरत अवघडून बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, कार्यशाळेतले सर्व कारागीर आणि इतक्या उकाड्यातही आवर्जून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी शाळेत सदतीस वर्षं शिकवलं. बोलायची सवय आहे, थांबायची नाही. तेव्हा अध्यक्ष महोदय, घंटी हाताशी ठेवा.

व्यवस्थापक साहेबांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, ‘‘अहो, मी कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘बाई, मिस्त्रींनी एकच नाव सुचवलंय, तुमचं. शिवाय आमच्या वहीत सर्वांत जास्त तक्रारी तुमच्याच आहेत.’’ खरं आहे ते. मिस्त्री माझ्या घरी जितक्यांदा आले, तितक्यांदा ते सासुरवाडीलाही गेले नसतील. वहिनी मान हलवतायत, म्हणजे खरंच गेले नसावेत!

साहेबांनी मला एक कागदही दिलाय. ‘घरगुती सोलर हीटरचे फायदे’. आता ज्यांचं मीठ खायचं... म्हणजे ज्यांचं पाणी वापरायचं, त्यांचा शब्द मोडू नये. वाचते. फायदा पहिला, ऊन फुकट असतं, ते कुणाची परवानगी मागत नाही. फायदा दुसरा, टाकीला जाड वेष्टण असल्यानं ढगाळ दिवशीही पाणी कोमट राहतं. तिसरा, एकदा बसवला की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. माझं घर सोडून. आणि चौथा, ‘बादलीत विजेचा रॉड सोडण्याचा धोका टळतो’.

या चौथ्या फायद्यापाशी मी थांबणार आहे. मिस्त्रींविषयी जे सांगायचं, ते तिथूनच सुरू होतं.

आमच्या घरात दोन न्हाणीघरं. एक पुढचं, माझ्या वापरातलं. दुसरं मागच्या अंगाला, एकतीस वर्षं बाहेरून कडी घातलेलं. हे गेले, दीर गेले, घरात मी एकटी. एकतीस वर्षं मी गार पाण्यानं अंघोळ केली. विजेवर पाणी तापवायचं नाही, हा माझा घरातला कायदा. हीटर बसवला तो माझ्या पुतणीच्या हट्टानं. ही माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी. आई गेल्यावर मीच तिला वाढवली. ती म्हणाली, ‘‘काकू, सत्तरीला टेकलीस, अजून गार पाणी? कुणावर सूड उगवतेस गं?’’ ती आपली सहज बोलून गेली. मी हसण्यावारी नेलं.

मिस्त्री आले, गच्चीवर टाकी चढली, पाइप जुन्याच मार्गानं खाली आले, त्यामुळे मागच्या न्हाणीघरातल्या नळालाही जोड गेली. पंधरा दिवस कसे गेले सांगू? नळ सोडला की वाफ! मी पाण्याखाली उभी राहून चक्क रडले.

मग सोळाव्या दिवशी, सकाळी अकरानंतर टाकीतलं गरम पाणी घटलेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कार्यशाळेत फोन केला. मिस्त्री आले, एकेक सांधा बोटानं चाचपला. गळती कुठंच नाही. पुन्हा आले, पुन्हा नाही. पुतणी म्हणाली, ‘‘काकू, तूच नळ उघडा ठेवत असशील. वय झालं की होतं असं.’’ मला ते खरंही वाटायला लागलं. एकट्या माणसाला काहीही खरं वाटतं.

चौथ्या वेळी मिस्त्री साडेदहालाच आले. गच्चीवर जाऊन त्यांनी मागच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याची मूठ काढून खिशात टाकली. खाली येऊन म्हणाले, ‘‘बाई, आता तिथं थेंबही यायला नको. एक खुर्ची द्या.’’ खुर्ची बंद दारासमोर मांडून बसले. मी त्यांच्या मागं उभी.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारी कुणीतरी गाद्या झोडपत होतं. बरोबर अकराला आतला नळ करकरला.

मंडळी, बादली भरल्याचा आवाज आपण रोज ऐकतो. आधी पोकळ, मग जड. तसाच. मग नळ बंद झाला. आणि मग चुळुक, चुळुक... कुणीतरी हातानं पाणी ढवळतंय. लेकराला अंघोळ घालण्याआधी कुठलीही आई बघते ना, चटका तर बसणार नाही? तसं. मग एकदम सगळं शांत.

मिस्त्रींनी कडी काढली. आत कुणी नव्हतं. फरशीवर कित्येक वर्षांची धूळ, त्या धुळीवर एकही पाऊल नाही. मी कधीकाळी कोपऱ्यात पालथी घालून ठेवलेली बादली नळाखाली सरळ उभी, काठोकाठ भरलेली. वाफ येत होती. आणि आतलं पाणी अजून गोल फिरत होतं.

मिस्त्रींनी त्या पाण्याकडे बघितलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं जुना सॉकेट आहे, भोवती काळा डाग. त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘‘बाई, इथं कुणाला शॉक बसला होता?’’

‘‘माझ्या जाऊबाईंना.’’

‘‘कसा?’’

हा प्रश्न मला एकतीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. कारण सगळ्यांना उत्तर माहीत होतं ना! जाऊबाई धांदरट, रॉडचं बटण बंद न करता पाण्यात हात घातला. दीर तेच म्हणाले, शेजारी तेच म्हणाले, त्यांची लेकही तेच ऐकत मोठी झाली. तिच्या हातून कप फुटला तरी लोक म्हणायचे, ‘आईवर गेलीय.’ आणि मी? मी फुटके तुकडे गोळा करायची.

मिस्त्रींना मी खरं सांगितलं. रविवार होता. ताईंना लेकीला न्हाऊ घालायचं होतं. रॉड मी लावला होता, त्याचं बटण स्वयंपाकघरात. त्यांनी आतून विचारलं, ‘‘बंद केलंस का गं बटण?’’ मी स्वयंपाकघरातून, मान वर न करता ओरडले, ‘‘हो ताई, बंद केलंय!’’

केलं नव्हतं. करायचं मनात होतं, आणि मनातलंच मला केल्यासारखं वाटलं.

मिस्त्रींनी माझी समजूत घातली नाही. ‘जाऊ द्या, झालं गेलं’ असलं काही बोलले नाहीत. खुर्ची जागेवर ठेवली आणि तक्रारीच्या कागदावर लिहिलं, ‘हीटर व नळजोड निर्दोष. पाणी वापरलं जात आहे. मी स्वतः ऐकलं.’ खाली सही केली. आजकाल स्वतःच्या कानांनी ऐकलेल्यावर सही करणारी माणसं किती उरलीत हो? दारात वळून म्हणाले, ‘‘बाई, हे मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.’’

त्या संध्याकाळी मी पुतणीला सांगितलं. ती उठली आणि चप्पल घालून निघून गेली. दोन महिने फोन नाही. रोज अकराला नळ करकरायचा, पाणी ढवळलं जायचं. मी स्वयंपाकघरात त्याच जागी उभी राहून ऐकायची. ओरडावंसं वाटायचं, ताई, थांबा!

एका रविवारी ती आली. पावणेअकरा झाले होते. म्हणाली, ‘‘काकू, मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. तू ‘बंद केलंय’ म्हणालीस ते मी ऐकलं होतं. पण सगळे म्हणाले आई धांदरट, तूही गप्प राहिलीस. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. आठ वर्षांची होते मी. तेव्हापासून माझा माझ्या कानांवर विश्वास नाही.’’

ती मागच्या न्हाणीघरात गेली आणि दार लावून घेतलं.

अकरा वाजले. नळ वाजला. पाणी ढवळल्याचा आवाज आला. नेहमी तो तिथंच थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. तांब्या बुडाला. पाणी ओतलं गेलं, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. संथपणे, डोक्यावरून ओतावं तसं.

माझी पुतणी बाहेर आली तेव्हा तिचे केस निथळत होते. अंगावरचे कपडे कोरडे होते. ती एवढंच म्हणाली, ‘‘पाणी बेताचं गरम होतं.’’ मग केस पुसत म्हणाली, ‘‘माझ्याशी बोललीस, पुरे नाही. आईला सगळ्यांसमोर धांदरट म्हटलंय. सगळ्यांसमोरच सांग.’’

अजूनही अकराला नळ करकरतो. मला आता भीती वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि एक खोटं मी फार वर्षं सांभाळलं.

तेव्हा या भरल्या सभागृहात सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई धांदरट नव्हत्या. त्यांनी बटणाचं विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं, आणि ते चूक होतं.

मिस्त्री, तुमच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना तुमचे कान लाभोत. वहिनी, आता यांना माहेरी घेऊन जा. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. फायद्यांचा कागद अर्धाच वाचला, वेळही जास्त घेतला, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. त्या जुन्या चुकीची क्षमा मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तिला घाई करायचा मला अधिकार नाही.

नमस्कार.