वेल्समधलं तळं आणि आमचं आडनाव

हसू नका हं, पण त्या दिवसापासून मी कुठल्याच तळ्याला लव्हली म्हणत नाही. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून मी आणि माझा नवरा सुधीर वेल्सला गेलो होतो. एका तळ्याशी मी गाडीतून उतरले आणि कठड्यावर बसलेल्या आजोबांना म्हटलं, "काय लव्हली लेक आहे हो तुमचं!"

"ते माझं गाव आहे," आजोबा म्हणाले. "धरणात गेलं. पेन-अ-बॉन्ट. पेन म्हणजे टोक, बॉन्ट म्हणजे पूल." मग पाण्यावर बोट फिरवत त्यांनी एकेका शेताचं नाव सांगितलं, अर्थासकट.

मला कुठला दम निघतोय! "आमचंही धरणातच गेलं! नेचवडे. म्हणून तर आम्ही नेचवडेकर!"

आजोबा एकदम खूश. "नेचवडे म्हणजे काय?"

मी सुधीरकडे बघितलं. सुधीरनं तळ्याकडे बघितलं.

"अरे, तुझं गाव ना?" मी मराठीत कुजबुजले.

"गाव उठलं तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आईला माहीत असणार."

"आई गेल्या, सुधीर."

"मग काकांना विचारू."

"काकांचं वर्षश्राद्ध झालं मागच्या महिन्यात."

आजोबा वाट बघत होते. वीस वर्षं मी हे आडनाव इथे विलायतेत कौन्सिलला, जीपीला म्हणजे आमच्या डॉक्टरला फोनवर एकेक अक्षर फोडून सांगतेय. स्पेलिंग सगळ्यांनी विचारलं, अर्थ कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "आता विचारायलाही कुणी उरलं नाही."

आजोबांनी माझा हात थोपटला. म्हणाले, "तुमचं जास्त खोल गेलंय, बाई."