सासूबाईंचा फायरवॉल

सायबर ठगांची एवढी भीती वाटत असेल ना, तर आमच्या सासूबाईंना चार दिवस घरी घेऊन जा.

त्यांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला घरूनच भरावा म्हणून मी अंगठा लावायचं मशीन आणलं. मशीनचा दिवा लागला, पण कंप्युटर काही अंगठा घेईना. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

तिकडचा मुलगा म्हणाला, "मैडम, फायरवॉल में हमारे सॉफ्टवेयर को अलाउ कर दीजिए."

"फायरवॉल म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कंप्युटरचा वॉचमन. मशीनच्या प्रोग्रामला तो आत सोडत नाहीये."

"मग वॉचमन हुशार आहे. भोळी तूच."

आणि माझ्या हातातून फोन ओढून घेत त्यांनी त्याला धारेवर धरलं. "पहले ये बताओ, हमारा नंबर तुमको किसने दिया?"

"मैडम, फोन तो आपने किया है."

"सब ऐसाच बोलते."

मग त्याचं ऑफिस कुठे, साहेब कोण, आयडी नंबर काय, सगळी उलटतपासणी झाली. माझा हात माउसवर तसाच. शेवटी तो "एक मिनट, मैडम" म्हणाला. फोन म्यूट केलाय असं त्याला वाटलं असावं, कारण शेजारच्याला तो चक्क मराठीत म्हणाला, "अरे, या म्हातारीनं डोक्याचं पार दही केलंय."

आता त्याची धडगत नाही, म्हणून मी फोन काढून घ्यायला पुढे झाले. सासूबाईंनी मात्र शांतपणे फोन माझ्या हातात दिला.

"दे त्याला परवानगी," त्या म्हणाल्या. "ठग असता तर शेवटपर्यंत गोड बोलला असता."