दाराबाहेरचे बूट

मला भांडकुदळ म्हणता ना? अहो, उभा जन्म बातमीदारीत गेला, भांडणार नाही तर काय आरती ओवाळणार? ऐका तर.

डिसेंबरात लेक-जावई आम्हाला जपानला बर्फात स्कीइंगला घेऊन गेले. कुटुंबांसाठीचा काँडो, म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याचा फ्लॅट. रात्री आम्ही सिंगापुरातल्या आमच्या पुंगोल वस्तीच्या सवयीने सगळ्यांचे ओले बूट दाराबाहेर ओळीने मांडून झोपलो.

सकाळी दार उघडलं, तर एकही बूट नाही! आणि माझ्या नातीचा, इराचा, स्कीइंगचा पहिला वर्ग तासाभरात. पोरगी रडकुंडीला आली. मी मोज्यांवरच गरजत खाली गेलो. "कुटुंबांसाठीचा काँडो म्हणता आणि लहान पोरीचे बूट चोरीला जातात? मॅनेजर कुठाय?"

मजल्यावरची दारं धडाधड उघडली. इरा मागून ओरडली, "आजोबा, डोन्ट फाइट लाह!"

मॅनेजरने कमरेत वाकून नमस्कार केला आणि तळघरात नेलं. मागोमाग शेजारचे पाहुणेही तमाशा बघायला आले. आमचे बूट तिथे गरम हवेवर वाळत होते.

"एरवी पाहुणे स्वतः इथे आणून ठेवतात," तो म्हणाला. "तुम्ही दाराबाहेर ठेवलेत, म्हणून मीच आणले."

"मग सांगायचं तरी!" मी म्हटलं. हार कोण मानतो?

इराचा वर्ग चुकला नाही. संध्याकाळी परतलो, तर मजल्यावरच्या प्रत्येक दाराबाहेर ओल्या बुटांची ओळ, आणि मधोमध टोपली घेतलेला तो मॅनेजर.

लेक म्हणाली, "बाबा, अख्ख्या मजल्याचं पुंगोल केलंत!"