बडीशेपेची दारू आणि माझी साक्ष

...नाही, पण मग मला विचारलंच कशाला? तुम्हाला सांगतो, आमच्या हळर्ण गावात काजूची भट्टी कुणाचीही असो, बाटली हलवून फेणीवर फेसाचे मणी धरतात का बघायला नि पहिला घोट घ्यायला मलाच बोलावतात, कारण या जिभेनं आजवर खोटी साक्ष दिलेली नाही... आणि आमच्या दीपाला बघायला आलेल्या कारापूरच्या विठूबाबांना हे ठाऊक नव्हतं? त्यांचा मुलगा अविनाश बोटीवर, त्यानं ग्रीसहून दारूचा खोका आणलेला, त्यातली एक बाटली माझ्यापुढं ठेवून म्हणतात कसे, "सुभाषबाब, तुमच्यासारख्या जाणकारानंच सांगायचं." विचारलंत ना? मग ऐका!

काचेच्या कोपात ओतली, तर वास बडीशेपेचा! ही दारू की तान्ह्या पोराचं पोटदुखीचं औषध? हलवून बघतो तर मणी धरायला तयार नाही. म्हटलं पाणी घालून बघू, घातलं, नि काय सांगू... तांदळाच्या धुवणासारखी पांढरी! आता आमच्याकडं अशी गढुळली म्हणजे माल बिघडला, सरळ ओतून टाकायची. मी टाकली, अख्खी बाटली, परसात. वर चांगल्या मनानं म्हटलं, पोराला कुणीतरी फसवलंय हो. विठूबाबांचा चेहरा उतरला. अविनाश खाली मान घालून पुटपुटला, की तिथं ती पांढरी करूनच पितात. अरे, मग हे आधी सांगायला काय झालेलं? आणि मला विचारलंच कशाला?

मंडळी अर्धा चहा टाकून उठली. बाहेर गोवा राज्य झालं म्हणून पेढे वाटताहेत, नि आमच्या घरात कुणी जेवेना. आमची बायको मंजुळा म्हणाली, "सांभाळा तुमची जीभ, पोर राहील घरातच." दीपा परसातल्या त्या ओल्या मातीकडं बघत बसली. तिला अविनाश आवडला होता हो...

गेलो कारापूरला. दुसरी बाटली फोडायला लावली, पाणी घातलं, डोळे मिटले नि प्यालो. देवा रे... म्हटलं, "विठूबाब, चुकलो. माल एकदम अस्सल."

विठूबाबांनी सुस्कारा सोडला. "सुटलो बाबा! आमच्या घरात कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. आता सगळा खोका लग्नाला काढतो. हळर्णकरांना सांगतो, सुभाषबाबांनी पास केलीय."

लग्न ठरलं, पोर खूश. पण मांडवामागं अख्खं हळर्ण पहिला घोट घेऊन माझ्याकडं वळेल, तेव्हा मी कुठं बघायचं, तेवढं सांगा.